पितळी गंजातलं नागपूर

अकोल्याला माझ्या पुतण्याच्या घरी इंटरनेट आलं, तेव्हा मला अमरावतीहून खास बोलावून घेतलं. घरात नवी वस्तू आली की तिच्यासमोर उभं राहून चार शब्द बोलणारा एक माणूस प्रत्येक खानदानाला लागतो. आमच्या खानदानात हे खातं माझ्याकडे आहे. मी बडनेऱ्याहून पॅसेंजर धरली, मूर्तिजापूरला चहा प्यालो आणि दुपारी कॉम्प्युटरपुढे हजर झालो.

कॉम्प्युटरच्या डोक्यावर वहिनीनं विणलेला जाळीचा रुमाल होता. वहिनी म्हणजे पुतण्याची आई, माझ्या थोरल्या भावाची बायको. टेलिफोनची तार एका चपट्या डबीत शिरत होती आणि डबीतून कॉम्प्युटरमध्ये. पुतण्यानं मला नवशिक्याला द्यायच्या सूचना द्यायला सुरुवात केली. जोडणी चालू असताना कोणी टेलिफोन उचलायचा नाही, नाहीतर तुटते. गप्पांच्या खोलीत शिरलं की आधी थोडा वेळ गप्प बसून ऐकायचं, मग तोंड उघडायचं. इंग्रजी लिहिताना सगळी अक्षरं मोठी काढायची नाहीत, ते ओरडण्यासारखं होतं. पलीकडचा माणूस दिसत नाही, तेव्हा घरातल्या गोष्टी सांगत सुटायचं नाही. आणि वीज कडाडायला लागली की तार काढून ठेवायची.

मी मान डोलवत होतो, पण पोटात हसू मावत नव्हतं. वहिनीकडे पाहिलं तर ती खिडकीतून बाहेर पाहत होती, आणि तिच्या नुसत्या पाठीवरून मला कळत होतं की तीही हसते आहे.

"भाऊजी," ती वळून म्हणाली, "सांगा न ह्याले. आपल्याले जोडून किती वर्षं होऊन राहिले ते."

तेव्हा हे सांगणं तिच्या हुकमावरून आहे.

साठ साल उलटून गेलं होतं. अमरावतीत कापसाच्या बाजारामागे आमची गल्ली होती. हिवाळ्यात जिनिंगमधून सरकी निघायला लागली की हवेत कापसाचे तंतू उडत, ओट्यावर बसलेल्या माणसाच्या मिशीत अडकत आणि तो माणूस तासाभरात म्हातारा दिसायला लागे. सकाळी बैलगाड्यांची रांग बाजाराकडे सरकत असायची. बैलांच्या घुंगरांचा आवाज इतका सतत असे की तो थांबला की जाग यायची.

माझे बाबा कोर्टात नाझर होते. घरातही ते नाझरच असत. भाजीत मीठ जास्त झालं तरी ते आधी दोन्ही बाजू ऐकून घेत. मी कॉलेजात सायन्सला होतो आणि दादा नोकरीसाठी वर्ध्याला राही, शनिवार-रविवार येई, कधी येत नसे; वहिनी आमच्याकडेच असे. बैठकीत आमचा रेडिओ होता. गल्लीतला तो एकटाच. त्याच्या वर भिंतीवर लंबकाचं घड्याळ होतं. ह्या घड्याळाला एक खोड होती. ठोके द्यायच्या आधी ते म्हाताऱ्या माणसासारखं घशात घर्रर्र करी आणि मग एक ठोका जास्तच देई. दहाला अकरा, अकराला बारा. गल्लीतल्या प्रत्येक घराला ते ऐकू जायचं आणि प्रत्येक जण मनातल्या मनात एक वजा करायचा. आमच्याकडची पोरं शाळेत जायच्या आधीच वजाबाकी शिकलेली असत ती त्यामुळे. दुरुस्त करायचं कोणी नाव काढलं की बाबा म्हणत, सगळ्यांना चूक ठाऊक आहे, मग ती चूक कसली. दर रविवारी ते स्वतः स्टुलावर चढून त्याला चावी देत.

आईचं दुखणं असं होतं, की रेडिओ बैठकीत आणि ती स्वयंपाकघरात. तिच्यापर्यंत गाण्याचा फक्त उंच सूर पोचायचा. मधलं गाणं मधल्या दोन खोल्यांत सांडून जायचं. मी इतवारा बाजारातून लढाईतल्या भंगारात निघालेले कानाला लावायचे फोन पोतंभर आणले होते. काळे, जड, कातडी पट्ट्याचे, वास येणारे. रेडिओच्या मागून दोन तारा काढल्या, छताच्या कडेनं स्वयंपाकघरात नेल्या आणि आईच्या हातात एक फोन दिला. तिनं तो कानाला लावला आणि लगेच काढून पदराला पुसला, जणू त्यातून कोणी तिच्या कानात थुंकलं होतं. पण मग परत लावला. एका हातानं फोन धरून भाकरी थापता येईना, म्हणून वहिनीनं तो जवळच्या रिकाम्या पितळी गंजात, म्हणजे उभट पातेल्यात, ठेवला.

आणि गंज गायला लागला.

मी आजवर बरेच मोठे स्पीकर ऐकले, पण तो आवाज पुन्हा कानावर पडला नाही. थोडा विहिरीतून आल्यासारखा, थोडा सोन्याचा. आई भाकरी थापायची थांबली. वहिनी गंजात वाकून पाहत राहिली, गाणारी बाई आत दिसते का म्हणून.

बातमी गल्लीत जायला दुपार पुरली. पहिली तार समोरच्या गुरुजींकडे गेली. गुरुजी सरकारी शाळेत शिकवत. छप्पन साली नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आलेले, पांढऱ्या सदऱ्याचे, हळू बोलणारे, आणि बुद्धिबळात बाबांना हरवू शकणारे गल्लीतले एकटे. दोघांचा डाव गुरुजींच्या ओट्यावर बसे. बाबा ओट्याच्या आत कधी गेले नव्हते. का, ते कोणी विचारत नसे आणि दोघांनाही ठाऊक होतं. गुरुजींकडे चहा ओट्यावर यायचा आणि बाबांचं नेमकं तेव्हाच पोट बिघडलेलं असायचं.

गुरुजींच्या मागे शिंपी, त्याच्या मागे वैद्यबुवा, मग पोस्टातले दोघे भाऊ. तारा घरावरून घरावर गेल्या. त्यांच्यावर चिमण्या बसत, कापूस अडकत असे, आणि पौष महिन्याच्या सकाळी आमच्या गल्लीवर पांढरी फुलं आलेली दिसत. कायद्याचा प्रश्न निघाला तेव्हा बाबांनी निकाल दिला: रेडिओ एक आहे, त्याचं लायसन्स एक आहे, आणि गंज हे भांडं आहे.

आता नवशिक्यांना द्यायच्या सूचना. ह्या मी घरोघर जाऊन तोंडी देत असे, हातवारे करून. तारेचं टोक ब्लेडनं खरवडा, सोन्यासारखं चमकेपर्यंत, मगच पीळ द्या. पीळ दिला की कथलाचा डाग द्या, नुसता पीळ पावसात कुरकुरतो. दुसऱ्या तारेऐवजी जमिनीत पुरलेल्या सळईपाशी रोज तांब्याभर पाणी ओता, मीठ टाकलं तर उत्तम. मोरीचं पाणी तिकडे वळवलं तर दुधात साखर. गंज कोरडा हवा. वरणाचा गंज चालत नाही, गाणं चिकट येतं. ही शेवटची सूचना मी गंभीर चेहऱ्यानं दिली होती आणि शिंप्याच्या बायकोनं ती पुढे आपल्या लेकीला सासरी पाठवली.

पण खरी मौज रेडिओ बंद असताना होती. तो फोन जसा बोलतो तसा ऐकतोही, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. गल्लीला ते आपसूक कळलं. दुपारी पुरुष कामावर, पोरं शाळेत, रेडिओ मिटलेला. मग एखादी बाई गंजात तोंड घालून म्हणे, "ओ माय, जेवन झालं काय?" आणि गल्लीभरच्या गंजांतून मुंगीच्या आवाजात तो प्रश्न उमटे. कोणीतरी उत्तर देई. तिसरी त्यात आपली फोडणी टाकी. उन्हं कलत, कावळे झोपाळलेले, आणि पितळेच्या तळाशी बायका बोलत असत. मी कॉलेजातून लवकर परतलो की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकून ते ऐकत बसे. शब्द कळत नसत. दूरच्या गावचा बाजार ऐकू यावा तसं काहीतरी. कधी कधी मला वाटे, ह्या बायका गल्लीत नाहीतच, कुठेतरी पाण्याखाली राहतात आणि दुपारी वर येतात.

नियमही बायकांनीच केले. आधी ऐकायचं, मग बोलायचं. ओरडायचं नाही, कारण ओरडलं तर सगळ्या गंजांत एकदम ठणठणतं. जिच्याविषयी बोलायचं, तिच्या घरचा गंज झाकलेला आहे का ते आधी हाक मारून पाहायचं. ह्या शेवटच्या नियमानं दोन भांडणं झाली आणि एक लग्न जुळलं.

बाबांना मात्र ह्यातलं एक पटत नसे. आवाज आत घ्यायला त्यांची ना नव्हती. आवाज बाहेर जायला होती. त्यांचं म्हणणं असं, की माणूस कोणाच्या घरी गेला तर चपला काढतो, हाक मारतो, बस म्हटल्यावर बसतो. आवाज ह्यातलं काही करत नाही. तो सरळ लोकांच्या चुलीपर्यंत जातो. आपल्या घरच्या बाईचा आवाज असा अनोळखी माणसांच्या चुलीपर्यंत जावा का?

हा प्रश्न हवेत नव्हता. तो वहिनीविषयी होता.

वहिनी अकोल्याची. माहेरी गाणं शिकलेली. लग्नात तिच्यासोबत तिची बाजाची पेटी आली होती आणि ती जुन्या साडीत गुंडाळून बैठकीच्या कोपऱ्यात ठेवलेली असे. बाबा कोर्टात गेले की ती साडी सुटे आणि ते यायच्या आत परत बांधली जाई. बाबांना हे माहीत नव्हतं असं नाही. ते घरात शिरताना दारात जरा जास्तच खाकरत. तिच्या अकोल्याच्या गाण्याच्या गुरुजींनी तिचं नाव रेडिओसाठी नागपूर केंद्राला कळवून टाकलं. तिकडून चाचणीचं बोलावणं आलं, दादा तिला घेऊन गेला, ती पास झाली आणि तिचं एक गाणं ध्वनिमुद्रित करून घेतलं गेलं. हे सगळं बाबांच्या परवानगीनं झालं, पण ती परवानगी कोर्टातल्यासारखी होती, अटीसकट. वहिनीला समोर उभं करून त्यांनी ती वाचून दाखवावी तशी सांगितली.

"एक डाव मी आयकतो, बाई. दुसऱ्याच्या घरात बसून आयकतो, परका मानूस आयकते तसा. आपल्या घरचा आवाज परक्याच्या चुलीपाशी शोभला, तर तू गाय. नाई शोभला, तर पेटी अकोल्याले जाईन अन् मंग तो इषय संपला."

"हाव, मामाजी," वहिनी म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

तारीख समजली. रविवारी सकाळी, दहाच्या सुमारास. त्या आठवड्यात वहिनी जेवत होती का नाही, मला आठवत नाही. पण एकदा पहाटे तिला मी पेटीवरची साडी नुसती चापटताना पाहिलं, गाईच्या पाठीवर हात फिरवावा तशी.

आणि आमची गल्ली! तिनं जे केलं ते आमच्या वऱ्हाडातच होऊ शकतं. घरी जेवायला बसलं की रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारायची ही आमची रीत. गल्लीतल्या बाईचं गाणं रेडिओवर लागणार, आणि आपण एकट्यानं ऐकायचं? शिंप्यानं आपल्या तारेला तार जोडून मागच्या आळीत साडूला दिली. साडूनं शेजाऱ्याला. वैद्यबुवांनी देवळाच्या पुजाऱ्याला. पोस्टातल्या भावांनी तर पार कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत तार नेली. तिवशाहून लग्नाच्या बोलणीला आलेले पाहुणे रविवारी तिथे चहा पीत बसले होते. त्यांनाही कप उपडा करून त्यावर फोन लावून दिला. हे कोणीही मला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? पंगतीला पाट वाढवताना स्वयंपाक्याला कोण विचारतं?

रविवार उजाडला. दादा नेमका वर्ध्याला अडकला होता. बाबांनी आंघोळ केली, कोट घातला, टोपी घातली आणि परका माणूस होऊन रस्ता ओलांडला. गुरुजींच्या ओट्यावर ते बसणार तोच गुरुजी म्हणाले, नाझरसाहेब, तार आत चुलीपर्यंतच येते, ओट्यापर्यंत पुरत नाही. मी आमच्या खिडकीतून पाहत होतो. बाबा थोडा वेळ त्या तारेकडे पाहत राहिले, जणू तिची उलटतपासणी घेत होते. मग त्यांनी चपला काढल्या आणि आत गेले.

मी रेडिओ लावला. दिवा लागला, नागपूर आलं, सूर वाजायला लागला. पण नेहमीचं नागपूर नव्हतं ते. आजारी माणसाच्या आवाजातलं होतं. मी आवाज वाढवला. ते आणखी खोल गेलं. मी आणखी वाढवला. मग मागच्या बाजूनं डिंक जळाल्यासारखा वास आला, एक बारीक धूर वर आला, घड्याळापर्यंत जाऊन पसरला, आणि रेडिओ मेला. एवढी तोंडं एकाच ताटावर बसली होती. तो बिचारा वाढता वाढताच गेला.

बैठकीत आम्ही तिघंच. आई, वहिनी, मी. बाहेर गल्ली इतकी शांत होती की बैलाच्या कानावरची माशी ऐकू आली असती. घराघरांत लोक गंजांभोवती बसून वाट पाहत होते.

वहिनी रडली नाही. कोपऱ्यात पाहून हळूच म्हणाली, "गेली माही पेटी."

त्या क्षणी मला काय झालं ते सांगता येत नाही. मला असं वाटलं, की तिचं गाणं आत्ता आमच्या छतावरून चाललं आहे. नागपूरहून निघून, तिवसा ओलांडून, कापसाच्या शेतांवरून, चिमण्यांच्या मधून, आणि ते खाली घ्यायला इथे कोणी नाही. अकोल्याला ते पोचणारही, इथे मात्र खिडकीबाहेरून निघून जाणार.

माझ्याकडे भंगारातला एक टेलिफोनचा हात होता, बोलायच्या बाजूला कार्बनची डबी असलेला. टॉर्चमधले सेल काढले. रेडिओच्या तारा सोडवल्या, त्यांना तो हात आणि सेल बांधले. कॉलेजच्या नाटकात पडदा अडकला की मी शांत होत असे, तसाच झालो. पेटीवरची साडी ओढून काढली आणि पेटी वहिनीपुढे ठेवली.

"खोटं हाये हे, भाऊजी," ती म्हणाली.

"खोटं कावून? गानं तुमचं, गळा तुमचा. नागपूरहून येत होतं, आता बैठकीतून येऊन राहिलं. जवळून येते म्हून का खोटं होते?"

"अन् मामाजीले समजलं तं?"

उत्तर आईनं दिलं. तिनं उठून दाराला कडी लावली आणि म्हणाली, "गाय माय आता. लोक बसून राहिले."

मी फोन तोंडाशी धरला, नाक दोन बोटांत पकडलं आणि नागपूर झालो. श्रोतेहो, अमुक वेळ झाली आहे, आता ऐका एक भावगीत, वगैरे. गायिकेचं नाव इतक्या भारदस्तपणे घेतलं की ती स्वतःच दचकली. मग फोन पेटीच्या कडेला टेकवला.

ती गायली. कापूस वेचणाऱ्या बाईचं गाणं होतं. वेचता वेचता तिची ओटी भरत जाते आणि तिला वाटतं आपण ढगच कमरेला बांधून घरी निघालो आहोत, असं काहीतरी. पहिल्या ओळीला ती माझ्याकडे पाहत होती. दुसऱ्या ओळीला कोणाकडेच नाही. आईनं डोळे मिटले होते. उन्हाचा एक पट्टा जमिनीवरून पेटीकडे सरकत होता आणि त्यात कापसाचे तंतू तरंगत होते. मला कळलं, की आत्ता ह्या घडीला प्रत्येक घरातल्या गंजात ती बसलेली आहे. शिंप्याच्या, वैद्यबुवांच्या, गुरुजींच्या. पहिल्या दिवशी ती ज्या बाईला गंजात वाकून शोधत होती, ती हीच.

आणि दुसरं कडवं उंच चढत असताना, माझ्या डोक्याच्या बरोबर वर, घड्याळानं घसा साफ केला.

घर्रर्र.

आपल्या घरचं घड्याळ आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून मी ते विसरलो होतो. वहिनी थांबली नाही. डोळे मोठे करून गात राहिली. घड्याळानं दहाचे अकरा ठोके दिले, एकही न गाळता, आणि ते सगळे तिच्या गाण्याबरोबर फोनमध्ये गेले.

गुरुजींच्या स्वयंपाकघरात काय झालं, ते पुढे गुरुजींनी सांगितलं. माझा आवाज आला तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, की नागपूरकडे सर्दी आहे का. गाणं सुरू झालं आणि ते पाटावर ताठ बसले. चहाचा कप समोर आला. तो त्यांनी उचलला आणि डोळे मिटून प्यायला लागले. मग गंजातून घर्रर्र झालं. तोच आवाज, तेव्हाच, खिडकीतूनही आला. गुरुजींच्या घरच्या मास्तरीणबाईंनी पदर तोंडात कोंबला. ठोके मोजता मोजता गुरुजींच्या चेहऱ्यावर काय आलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण बाबांनी डोळे न उघडता हात वर केला. कोर्टात गलका थांबवायला ते करत तसा. गाणं चालू द्या, असा त्याचा अर्थ. मधे फक्त एक रस्ता होता. ते उठले असते आणि आमच्या दारावर थाप मारली असती तर सगळं संपलं असतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि शेवटपर्यंत ऐकलं.

ऐकलं सगळ्या गल्लीनंच. सगळ्या गंजांतून अकरा ठोके पडले आणि सगळ्या गल्लीनं सवयीप्रमाणे एक वजा केला. त्यानंतर कोणाला काय कळायचं राहिलं? पण एकही माणूस आमच्या दाराशी आला नाही. गाणं संपलं, पेटीचा भाता मिटला. मग आमच्या स्वयंपाकघरातल्या गंजातून मुंगीच्या आवाजात मास्तरीणबाई बोलल्या.

"ओ नागपूरवाल्या बाई, लय गोड झालं."

मग शिंप्याची बायको. मग आणखी कोणी, मग मागच्या आळीतली कोणी, जिला आम्ही ओळखतही नव्हतो. एकेक जणी नागपूरवाल्या बाईला शाबासकी देत होती. वहिनी गंजापाशी उकिडवी बसली, आत पाहत, आणि आता मात्र रडायला लागली.

बाबा आले. मी कडी काढली. त्यांनी मेलेल्या रेडिओकडे पाहिलं, तारांना बांधलेल्या टॉर्चच्या सेलांकडे पाहिलं, माझ्या नाकाकडे पाहिलं. ते अजून लाल असावं. टोपी खुंटीला लावली. रविवार होता, म्हणून स्टूल ओढलं, वर चढले आणि घड्याळाला चावी द्यायला लागले. वहिनी डोक्यावर पदर घेऊन दारात उभी होती. पेटी उघडीच पडली होती. चावीचा कर्रकर्र आवाज किती वेळ चालला होता देव जाणे. त्या घड्याळाला इतकी चावी पुन्हा कधी बसली नाही.

चावी काढून, भिंतीकडेच तोंड ठेवून बाबा म्हणाले, "पुढच्या येळी गाशीन, तवा लंबक धरून ठेवजो, बाई. सुराच्या मधात पडला तो."

एवढा निकाल. पेटीवर त्यानंतर साडी बांधली गेली नाही.

काही दिवसांनी वहिनीचा भाऊ अकोल्याहून आला. तिकडे त्यांनी खरं गाणं ऐकलं होतं, खरं म्हणजे नागपूरचं. म्हणाला, बाकी झकास, पण दुसऱ्या ओळीला ताईचा आवाज जरा थरथरला. गल्लीतली चार माणसं बसली होती. वैद्यबुवा एकदम उसळले. थरथरला? आमच्याकडे तर नाही थरथरला, अकोल्याची हवाच खराब असेल. ह्यावर त्यांचा बराच वेळ वाद झाला आणि वहिनी आत चहा करता करता हसत होती.

रेडिओ दुरुस्त होऊन आला. पुढे वहिनीचं गाणं लागायचं तेव्हा बाबा आधी स्टुलावर चढत आणि लंबक बोटानं थांबवत. मग कोट-टोपी घालून गुरुजींकडे जात, आत, चुलीपाशी. गाणं संपल्यावर येऊन लंबक परत हलवत, पण काटे पुढे करायला विसरत. त्यामुळे आमचं घड्याळ वहिनीच्या प्रत्येक गाण्याएवढं मागे पडत गेलं. गल्लीला आता एक वजा करून भागेना.

हे सगळं मी अकोल्याच्या त्या खोलीत साभिनय सांगितलं, नाक धरून. पुतण्या हसत होता आणि अधूनमधून मला तपासूनही पाहत होता, काका किती मीठ लावतात म्हणून. मग त्यानं विचारलं, जोडू का आता? मी म्हटलं, जोड. त्यानं बटण दाबलं. डबीतून आधी टेलिफोनचा सूर आला, मग रेडिओवर दोन स्टेशनांच्या मधे येई तशी खरखर, शीळ, गंजातल्या मुंग्यांची कुजबुज. मला तर ओळखीचंच वाटलं सगळं. पलीकडे कुठेतरी कोणी गंजात वाकून वाट पाहत होतं.

भिंतीवर आमचं जुनं घड्याळ होतं. बाबांच्या मागे ते वहिनीकडे आलं आहे. त्यानं नेमकं तेव्हाच घशात घर्रर्र केलं.

वहिनी उठली. स्टूल घ्यायलाही थांबली नाही. चवड्यांवर उभी राहिली आणि तिनं लंबक बोटात धरला.